बी टाईप आणि आठ हजार अक्षरं

बी टाईप क्वार्टरच्या खिडक्या सी टाईपपेक्षा हातभर उंच असतात. या माहितीचा कुणाला फारसा उपयोग नाही, पण एकाहत्तर सालच्या श्रावणात आमच्या घरात दुसऱ्या कशावर बोलणंच होत नव्हतं. हिने संगमनेरच्या बाजारातून निळ्या फुलांचं कापड आणलं, रिकाम्या बी टाईपची खिडकी वॉचमनकडून सुतळीने मोजून घेतली आणि पडदे शिवूनसुद्धा टाकले. क्वार्टर मिळायचं तेवढं बाकी होतं.

आमचा साखर कारखाना संगमनेरपासून दहा मैलांवर, कालव्याला लागून. मी, भालचंद्र टोकेकर, तिथे असिस्टंट अकौंटंट. सी टाईपला दोन खोल्या आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक नळ. माझ्या बिऱ्हाडात आई, आम्ही दोघं आणि तीन मुलं. बी टाईपला तीन खोल्या, व्हरांडा आणि स्वतःचा नळ. रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून ज्याला आपल्याच हाताखालच्या क्लार्कच्या मागे बादली घेऊन उभं राहावं लागलं आहे, त्यालाच स्वतःच्या नळाची गोडी कळेल. क्लार्क मला "साहेब, तुम्ही व्हा पुढं" म्हणत असे, आणि मागून त्याची बायको खाकरत असे.

हा नळ मला मिळणार होता तो एका कॉम्प्युटरमुळे.

त्याचं असं झालं. आमच्याकडे दर हंगामाला एकच भांडण. कुणाचा ऊस आधी तोडायचा? ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, असा नियम. पण तोडणीच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या कारकुनांना मेव्हणे असतात, साडू असतात, आणि नसले तर हंगामापुरते तयार होतात. आमचे चेअरमन राधाकृष्ण आबा या भांडणांना विटले होते. मुंबईला एका कंपनीत त्यांनी कॉम्प्युटर पाहिला आणि परत येऊन सभेत जाहीर केलं, "मशीनला पावणेरावळे नसत्यात. चिठ्ठ्या आता मशीन काढील."

टाळ्या झाल्या. मशीन कोण बघणार, असा प्रश्न निघाला. मी पूर्वी पुण्याला यांत्रिक हिशेबाच्या शिबिराला जाऊन आलो होतो. शिबिरात मी मुख्यतः सर्दीने आजारी होतो, पण वासरांत लंगडी गाय शहाणी. आबांनी मला उभं केलं. "टोकेकरसाहेब, दसऱ्याला बॉयलर पेटंल. त्याच मांडवात पैली चिठ्ठी मशीनमधून निघाली पायजे. निघाली तर बी टाईप तुमचा."

"आणि नाही निघाली तर?" मी विनोदाने विचारलं.

"तर मळीच्या टाकीवर एक जागा रिकामी हाय," आबा म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

मशीन घेतलं ते भाड्याने, आणि तेही कंपनीच्या यादीत खालून वर मोजलं तर दुसरं. फार मोठं नाही, अगदीच लहान नाही. मध्यमवर्गीय म्हणा. मला त्याच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली. ते ट्रकने नाशिक-पुणे रस्त्याने आलं आणि जकात नाक्यावर अडकलं. नाकेदार जुना, कर्तव्यकठोर माणूस. त्याने जकातीच्या दरांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात कापूस होता, काथ्या होता, सर्कशीचा हत्तीसुद्धा होता. कॉम्प्युटर नव्हता.

"पुस्तकात नाही ती वस्तू गावात जात नाही," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं की याच्या एका कपाटात कार्डं वाचली जातात, दुसऱ्यात हिशेब होतो आणि तिसऱ्यातून कागदावर छापून येतं. त्याने ताडपत्री उचलून आत डोकावलं. कार्डांना भोकं पाडण्याच्या यंत्राची सुई त्याला दिसली आणि त्याचा चेहरा उजळला. पावतीवर त्याने लिहिलं: शिवणयंत्र, मोठे, नग एक. या पावतीने माझा पुढचा महिनाभर छळ केला. शेजारचे कमरुद्दीनभाई कारखान्याचे स्टोअरकीपर. त्यांनी पावतीप्रमाणे मशीन शिवणयंत्र म्हणून दप्तरी घेतलं आणि चौथ्या दिवशी त्यांच्या खातूनभाभी आमच्या हिला म्हणाल्या, "भाईजींना सांगा, दोन साड्यांना फॉल लावायचाय. मोठं मशीन आहे, एका दुपारीत होऊन जाईल."

कमरुद्दीनभाई स्वतः सल्ले देण्यात उदार होते. बॉयलरपासून बाळंतपणापर्यंत कोणत्याही विषयावर त्यांचा एकच सल्ला असे: "टोकेकर, आधी स्पेअर पार्ट मागवून ठेवा." या वेळीही तोच होता.

मशीनसाठी खोलीला एअरकंडिशनर लागला. पंचक्रोशीत तेवढी एकच थंड खोली. पहिल्या आठवड्यात तिथे शिपाई छगनने कँटीनचं दूध ठेवलं, दुसऱ्या आठवड्यात सत्काराचे हार आले, आणि तिसऱ्यात संचालक रंगनाथरावांची नागवेलीची पानं. मी खोलीत शिरलो की आधी पानांची टोपली उचलावी लागे आणि मग विज्ञानाकडे वळावं लागे. मुंबईहून कंपनीने पाठारे नावाचा इंजिनीयर पाठवला होता. सडपातळ, सभ्य, आणि मिरचीची सवय नसलेला. कँटीनचा आचारी नगरकडचा. त्याच्या डाळीच्या तिखटजाळ शिपी आमटीने एके रात्री पाठारेंची जी दशा केली, ती इथे सांगण्यासारखी नाही. पण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्या आमटीत आहे, कारण संचालक मंडळाची बैठक झाली तेव्हा पाठारे गेस्ट हाऊसमध्ये पोट धरून पडले होते आणि मशीनविषयी बोलायला मी एकटाच होतो.

त्याआधी पाठारेंनी आबांना मशीनची मेमरी दाखवली होती. मेमरी म्हणजे मशीनची आठवण. एकावेळी त्याच्या डोक्यात आठ हजार अक्षरं मावत. ती साठवायला बारीक तारांच्या जाळीत मोहरीएवढ्या काळ्या कड्या ओवलेल्या असतात. आबांनी चष्मा लावून बघितलं.

"ही जागा कमी पडली तर?"

"आणखी चार हजार अक्षरांची घेता येते," पाठारे म्हणाले आणि त्यांनी भाव सांगितला.

आबा कुठल्याही रकमेचा हिशेब ट्रॅक्टरमध्ये करत. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "म्हंजे दोन टॅक्टर! आन हातात काय, तर मोहरी!"

रंगनाथराव तिथेच होते. ते म्हणाले, "आबा, हे ओवायचंच काम हाय ना? नगरला आपला कादर पटवेकरी हाय. मंगळसूत्रं ओवतो, बाजूबंद गाठतो. त्याच्याकडून घेऊ ओवून."

पाठारे हसले. बाकी कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या एका निकामी झालेल्या जाळीचा तुकडा रुमालात बांधून मी नगरच्या एस.टी.त बसलो होतो. असिस्टंट अकौंटंटच्या कर्तव्यांच्या यादीत हे कुठेही नाही.

कादरभाईंनी जाळी उजेडात धरली, उलटी केली, नखाने एक कडी हलवून पाहिली. "ओवून देतो साहेब. रेशमात घेऊ का जरीच्या कलाबतूत?"

"तारेत. आणि प्रत्येक कडीतून चार तारा गेल्या पाहिजेत."

"जातील. पण हे ओवल्यावर याच्या ध्यानात राहणार का, ते मी सांगू शकत नाही. आमच्याकडे गाठलेलं मंगळसूत्र तुटत नाही, एवढीच खात्री." एवढं प्रामाणिक उत्तर मला त्या संपूर्ण प्रकरणात दुसऱ्या कुणाकडून मिळालं नाही. मी त्यांच्याकडून हिच्यासाठी एक काळी पोत गाठून घेतली आणि परत आलो.

तेव्हा आठ हजारांतच भागवायचं ठरलं, आणि त्यासाठी ती बैठक भरली.

आता आमच्याकडच्या माणसांची एक गोष्ट लक्षात घ्या. कालव्याखाली जन्म काढलेली ही मंडळी. कुठलीही गोष्ट मोजकी आहे असं कळलं, की तिची वाटणी करायची आणि आपला हिस्सा ठरावात लिहून घ्यायचा, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. मी मोठ्या दिमाखात सांगितलं, "मशीनमध्ये एकूण आठ हजार अक्षरांची जागा आहे."

"आन आपल्या ऊसवाल्या गावांचे गट आठ," रंगनाथराव तत्काळ म्हणाले. "झालं की! दर गटाला हजार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रंगनाथरावांच्या गटात ऊस कमी आहे, तर हजार कशाला? रंगनाथराव म्हणाले ऊस कमी असला तरी नावं लांब आहेत. दुसरे एक संचालक म्हणाले, आमचा गट कालव्याच्या शेपटाला, पाणी कधी नीट आलं नाही, निदान अक्षरं तरी पुरती द्या. दीड तास हे चाललं. शेवटी कुणाला साडेआठशे, कुणाला अकराशे, आबांच्या गावाला चेअरमनचं गाव म्हणून पन्नास जादा, अशी शेवटच्या अक्षरापर्यंत वाटणी झाली. ठराव मी लिहिला. 'सदरहू अक्षरजागेवर त्या त्या गटाचा कायम हक्क राहील', हे वाक्य माझं. मला ते फार आवडलं होतं.

दोन दिवसांनी पाठारे ताकावर उभे राहिले आणि पुन्हा जमलेल्या मंडळापुढे त्यांनी ठराव वाचला. वाचून ते माझ्या खुर्चीत बसले.

"आणि प्रोग्रॅम कुठे ठेवायचा?"

"कोण?" आबांनी विचारलं.

"प्रोग्रॅम! मशीनने काय करायचं त्या सूचना. त्यासुद्धा याच जागेत राहतात. निम्म्याहून जास्त जागा त्यालाच लागते!"

आबा गंभीर झाले. "ह्ये प्रोग्रॅम आपले सभासद हायेत का?"

"नाही."

"शेअर?"

"नाही हो!"

"मंग त्यांना निम्मी जागा द्यायची, तर जनरल बॉडीत मी काय सांगू? भाईरच्या माणसाला व्हरांड्यात जागा देऊ फार तर."

पाठारे बराच वेळ इंग्रजीत आणि मग मराठीत काहीतरी सांगत राहिले, "एका वेळी" आणि "पाठोपाठ" हे शब्द त्यात पुन्हा पुन्हा येत होते, पण तोवर संचालक एकमेकांवर ओरडू लागले होते. आपल्या हिश्श्यातलं एक अक्षरही सोडायला कुणी तयार नव्हतं. संध्याकाळच्या एस.टी.ने पाठारे मुंबईला निघून गेले. जाताना म्हणाले, "जागा रिकामी झाली की कळवा." दसरा तोंडावर आला होता. छगनने मला दिलासा दिला, "साहेब, मळीच्या टाकीवर वास येतो, पर आठ दिसांनी कळत न्हाई."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवा झालो. मला बोलायचं नव्हतं, जेवायचं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे नळ होता, आणि त्या नळापुढे रांग होती.

"उठा," ही म्हणाली. "मुलांना अभ्यासाला बसायचंय."

मी कोपऱ्यात सरकलो. मुलांनी दप्तरं पसरली. थोड्या वेळाने ही पुन्हा आली. "दप्तरं गुंडाळा रे, पानं घ्यायचीत." दप्तरं खुंटीला गेली, त्याच जागी पाट मांडले गेले. जेवणं झाली, पाट उचलले, फरशी पुसली, आणि आईने तिथेच आपली जपमाळ घेऊन बैठक मारली. जप संपताच अंथरुणं येणार होती. सकाळी त्याच जागी माझी दाढी होते, आणि दुपारी ही आणि खातूनभाभी तिथेच शेवया वळतात. मी उठून बसलो.

"कुसुम, आपली ही खोली केवढी असेल गं?"

"दहा बाय दहा. का?"

"आणि आपण सहा माणसं इथं सगळं करतो?"

"एकदम कुठं करतो? एकाचं उरकलं की दुसऱ्याचं. मात्र आत चुलीची जागा कुणाला देत नाही मी. तिच्यावर पाय टाकलात तर सगळेच उपाशी." ती थांबली. "असं काय बघताय? बरं वाटत नाही का?"

मला इतकं बरं गेल्या दोन महिन्यांत वाटलं नव्हतं. प्रोग्रॅम म्हणजे चूल! ती जागची हलत नाही. उरलेल्या जागेत एक गट यावा, आपलं काम उरकून उठावं, मग दुसरा! रात्र कशीबशी काढली आणि सकाळी पोस्ट उघडताच मुंबईला ट्रंककॉल लावला. लाईन इतकी खराब होती की मला ओरडून सांगावं लागलं, "पाठारे! माझ्या बायकोची चूल! बाजूला अंथरुणं!" पोस्टमास्तरांनी शिक्का मारणं थांबवलं. पलीकडे पाठारेंना एकदाचं समजलं.

"टोकेकर," ते म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून दुसरं काय सांगत होतो?"

हा अपमान मी गिळला. मोठ्या शोधाच्या वाटेवर असे खड्डे असतातच.

तिथून थेट आबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि चूल, पानं, अंथरुणं सगळं सांगितलं. आबा ऐकत राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे पाळी! आवो, मंग ह्ये आधी का न्हाई सांगितलं? आख्ख्या शिवाराला एकदम पानी कोन देतं?"

रंगनाथरावांची एकच शंका होती. "आमची पाळी सरली आन दुसरा गट आत आला, की आमचं लिव्हलेलं पुसंल. त्याचं काय?"

"तुमची कार्डं तुमच्या पेटीत राहतात," मी म्हणालो. "पाहिजे तेव्हा पुन्हा आत."

"पेटीला कुलूप?"

"आहे."

"किल्ली?"

"तुमच्याकडे!" मशीनला याची काही गरज नव्हती, पण रंगनाथरावांना होती. ठराव रद्द झाला. आधी पाळी कुणाची यावर पुन्हा आवाज चढले, तेव्हा आबा म्हणाले, "कालव्याचा कायदा. शेपटाकडून सुरू." मी लगेच तसा नवा ठराव लिहून टाकला.

पाठारे परत आले, सोबत आपला डबा घेऊन. दसऱ्याच्या सकाळी मांडव भरला. बॉयलरची पूजा झाली, मशीनचीही झाली. नारळ मात्र मी मशीनवर फोडू दिला नाही. तो रंगनाथरावांनी नाइलाजाने उंबऱ्यावर फोडला. आत पाठारेंनी कार्डं लावली. मी बाहेर उभा होतो आणि दर मिनिटाला दाराच्या फटीतून आत डोकावत होतो. बायकांच्या बाजूला ही बसली होती, गळ्यात कादरभाईंनी गाठलेली पोत. तिने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली.

मग खडखडाट सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू झाला, आणि छगन पळत बाहेर आला, हातात कागद. "निघाली! साहेब, चिठ्ठी निघाली!"

पहिली चिठ्ठी कालव्याच्या शेपटाच्या गोजरबाईंची. नवऱ्यामागे एकटीने ऊस पिकवणारी बाई. गेले तीन हंगाम तिचा ऊस सर्वांत शेवटी, वाळून गेल्यावर तुटत असे. तिने चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "इंग्रजीत हाय. काय लिव्हलंय?"

मी वाचलं. "गोजरबाई, तुमची तोड पहिल्या आठवड्यात."

"पैल्या?" तिने पुन्हा विचारलं. मग कागदाची घडी करून ती पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाली, "शिवणयंत्र म्हनत हुते लोक. पर लई गुणाचं निघालं बाबा." खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मळीच्या टाकीचा आणि बी टाईपचा मला त्या क्षणी विसर पडला.

तो विसर माझ्या मुळावर आला. आबांनी माईक माझ्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर तीन-चार हजार माणसं गप्प बसली होती, आणि मी वाहवत गेलो.

"बंधुभगिनींनो," मी म्हणालो, "जागा कमी आहे ही तक्रार दुबळ्या माणसाची! आम्हाला सांगण्यात आलं, आणखी मेमरी घ्या, दोन ट्रॅक्टर एवढे पैसे मोजा. मोजले नाहीत! हा मंत्र मी कुठे शिकलो? माझ्या घरी! दहा बाय दहाची खोली. तीत आम्ही सहा माणसं जेवतो, झोपतो, मुलं अभ्यास करून पहिल्या नंबरात येतात. एकाचं उरकलं की दुसरा. कधी अडलं नाही, कधी अडणार नाही! हे श्रेय माझ्या पत्नीचं आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हिच्याकडे अभिमानाने पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती दोन्ही हातांनी मला काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, कौतुकाने.

आबांनी माईक परत घेतला. दुसऱ्या हाताने त्यांनी माझी पाठ थोपटली. "मंडळी, असा मानूस मी बगितला न्हाई. आज टोकेकरसाहेबांस्नी बी टाईप जाहीर करणार हुतो. पर त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं, एवढ्याशा जागंत कदी अडलं न्हाई, कदी अडनार न्हाई. आता त्यांच्यावर तीन खोल्या लादल्या, तर त्यांच्या तत्त्वाचा अपमान व्हईल. तवा बी टाईपमदी आपन मशीनची कार्डं ठिवू. आन साहेबांचा नारळ-शाल देऊन सत्कार करू."

टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या. सर्वांत जोरात कमरुद्दीनभाई वाजवत होते. शेजार टिकला याचा त्यांना खराखुरा आनंद झाला होता.

घरी आल्यावर हिने ट्रंकेतून निळ्या फुलांचे पडदे काढले आणि आमच्या खिडकीला लावले. ते हातभर लांब झाले आणि फरशीवर लोळले. तिने खाली वाकून तो जादाचा हात दुमडला, टाचण्या लावल्या आणि म्हणाली, "उद्या पहाटे नळावर तुम्ही जायचं. आता रोजची पाळी तुमची."

शाल अजून आहे. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहताना थंडीत ती बरी पडते.